वाळत आणि वाळीत

मराठीत कपडे वाळत टाकतात आणि माणसं वाळीत टाकतात. फरक एका वेलांटीचा. पाठीवर पिशवी आणि सोबत जिवाभावाचा मित्र घेऊन थायलंडच्या आखातातली बेटं पालथी घालायला निघालेल्या माणसाला ती वेलांटी साधारण चौथ्या दिवशी दिसायला लागते.

निघताना जे सल्ले मिळतात ते वेगळ्याच गोष्टींचे. पासपोर्टच्या झेरॉक्स काढ, डासांचं मलम घे, स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट तारण ठेवू नकोस. सगळं खरं आहे. पण को सामुई, को फांगान आणि को ताओ या तिन्ही बेटांवर माणूस दिवसभर जे करत असतो ते म्हणजे ओलं वाळवणं. समुद्र, सूर्यास्त वगैरे मधल्या वेळात उरकायचे.

थोडं गणित करून घेऊ, म्हणजे मित्राला दोष देताना पुरावा हाताशी राहील. तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. बेटावर आर्द्रता ८० टक्के, म्हणजे त्यातले २४ ग्रॅम तुम्ही यायच्या आधीच भरलेले. उरले सहा. स्वस्तातली खोली तीन बाय चार मीटरची, उंची पावणेतीन मीटरच्या आत, म्हणजे हवा साधारण ३२ घनमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं १९० ग्रॅम. सुती टी-शर्टाचं कोरडं वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, आणि हाताने पिळल्यावर त्यात जवळजवळ तेवढंच पाणी उरतं. तात्पर्य, दारं-खिडक्या बंद असतील तर एका खोलीत एकच टी-शर्ट वाळू शकतो. आणि राहायला माणसं दोन.

यात मित्र येतो तो जीन्स घेऊन. ‘संध्याकाळी बाहेर जाताना लागेल’ म्हणून आणलेली ही वस्तू कोरडी असताना पाऊण किलोच्या घरात असते, आणि एकदा भिजली की तिचं वजन आणि मित्राचा स्वभाव, दोन्ही जड होतात. कंबरपट्टा आणि खिशांचे कोपरे तिसऱ्या दिवशीही दमटच. शिवाय त्याने घरचा जाड टॉवेल आणलेला असतो, सुट्टीत पाहुण्यांना देतात तसला. तो एकटा अर्धा लिटर पाणी सहज पितो. विमानात हातातल्या सामानाला बऱ्याच स्वस्त कंपन्या सातच किलो देतात. त्यातला अर्धा किलो नुसतं पाणी वाहण्यात घालवायचा याला काय म्हणावं?

मायक्रोफायबरचे टॉवेल लवकर वाळतात, पण अंग पुसताना बशी पुसल्यासारखं वाटतं, आणि घडी घालून ठेवले की दोन दिवसांत कुबट होतात. माझं मत पंच्याच्या बाजूने. थायलंडमध्ये त्याला ‘फा खाओ मा’ म्हणतात: पातळ, चौकडीचं, लांबलचक सुती कापड. तिथले लोक ते कमरेला गुंडाळतात, डोक्याला बांधतात, अंग पुसतात, त्याची झोळीही करतात. कोणत्याही बाजारात मिळतं आणि वारा असेल तर दीड-दोन तासांत वाळतं. जिथे राहायचं तिथल्या हवेची अक्कल तिथल्या कापडात असते, हे जाड टॉवेलवाल्याला पटवायला मात्र एक आठवडा जातो.

मित्राचा एक खरा उपयोग आहे. तो म्हणजे पिळायला. एकट्या माणसाच्या मनगटात जेवढा जोर असतो त्याच्या दुप्पट जोर दोघांच्या चार हातांत येतो. समोरासमोर उभं राहायचं, एकेक टोक धरायचं आणि दोघांनीही आपापल्या उजवीकडे पिळायचं. इथे लोक हमखास गडबडतात. समजूतदारपणे एकाने उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे फिरवलं की कापड दोघांच्या मध्ये नुसतं गरगर फिरतं, थेंबही गळत नाही. त्यानंतरची पायरी अधिक महत्त्वाची: पिळलेला शर्ट कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोन्हींची घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघे टेकून पुढे-मागे सरकायचं. एवढ्याने बरंच पाणी पंच्यात उतरतं आणि वाळायचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. दाराच्या फटीतून कुणी पाहिलं तर दोघं मिळून कुणाला तरी संपवताहेत असं वाटण्याची शक्यता आहे, तेव्हा कडी लावून घ्यावी.

दोरी चार मीटरची न्यावी, दोन पदरी पीळ दिलेली. चिमटे लागत नाहीत. पिळाच्या मध्ये कपड्याचं टोक खुपसलं की झालं. बांधायची कुठे हा प्रश्न आहे. खिडकीचा गज ठीक, बाल्कनीचा कठडा ठीक, छताचा पंखा नाही. आणि छतातून डोकावणाऱ्या आग विझवण्याच्या फवाऱ्याला तर हँगरही अडकवू नये. त्याच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते. ती फुटली की आग नसतानाही पाणी सुटतं, आणि मग वाळवण्याचा प्रश्न पूर्ण मजल्याचा होतो.

बाहेर वाळत घालायची वेळ दहा ते तीन. त्या तासांत ऊन असेल तर आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांपर्यंत उतरते. साडेचारच्या आत सगळं आत. ‘राहू दे, रात्रभर वाऱ्यावर सुकेल’ हे मित्राचं वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण सूर्य कलला की गारव्याबरोबर हवेतलं बाष्प कपड्यांवर परत बसायला येतं. सकाळी चड्डी संध्याकाळपेक्षा ओली निघते आणि तिच्यात मुंग्यांनी संसार थाटलेला असतो.

आता पंखा. पंख्याने हवा कोरडी होत नाही, फक्त हलते. खिडकी आणि तिच्या समोरचं दार किंवा झडप उघडी असेल तरच ओली हवा बाहेर जाऊन नवी येते. खिडकी बंद करून पंखा लावणं म्हणजे तोच दमट सरबताचा पेला ढवळत बसणं. पण खिडकी उघडली की डास येतात, आणि डेंग्यूचा डास तर दिवसाढवळ्या चावतो, म्हणून मित्र खिडकी बंद करतो. दोघांचंही बरोबर असतं, आणि म्हणूनच हे भांडण मिटत नाही. त्यातच टेबल-फॅनची मान फिरती ठेवायची की स्थिर, यावर तात्त्विक मतभेद होतात. कपड्यांना स्थिर वारा हवा, झोपणाऱ्या दोघांना फिरता.

यावर एसीची खोली हा तोडगा आहे. एसीतल्या गार वेटोळ्यावर खोलीतलं बाष्प थंड होऊन थेंब धरतं आणि नळीवाटे बाहेर टपकतं. म्हणजे तो खरोखर पाणी काढून टाकतो. खिडक्या बंद, रिमोटवर थेंबाचं चित्र असलेलं बटण, तापमान पंचवीस-सव्वीस, आणि दोरी वाऱ्याच्या झोतात. सकाळी जीन्ससुद्धा शरणागती पत्करते. जास्तीचे दोन-तीनशे बात पडतात. (तिथल्या चलनाचं नाव बात. नुसत्या बाता मारून खोली मिळत नाही.) दारामागच्या खाचेतली किल्ली काढली की वीज जाते हे लक्षात ठेवायचं, म्हणजे वाळवण रात्रीच, दिवसा फिरायला गेल्यावर नाही.

समुद्रात भिजलेल्या कपड्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे बहुतेक जण वर्षानुवर्षं चुकतात. पोहून आल्यावर चड्डी तशीच दोरीवर टाकली तर दुपारी ती कडक होते, वाळल्याचा आव आणते आणि संध्याकाळी परत ओलसर. कारण पाणी उडालं तरी मीठ राहिलं. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांवर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्क्यांनाच. बेटावर इतकी कोरडी वेळ येतच नाही. म्हणजे न खळबळलेली चड्डी तत्त्वतः कधीच वाळणार नाही. उपाय सोपा: संडासात लावलेला हाताचा फवारा घ्या आणि गोड्या पाण्याने दोनदा-तीनदा खळबळा. मित्र म्हणेल ‘मी शॉवर घेतानाच घातली होती की’. साबण लावलेल्या अंगावरून वाहणाऱ्या धारेने शिवणीतलं मीठ जात नाही. चड्डी काढून, उलटी करून खळबळायची.

बेटावर पोहोचण्याचा मार्गही ओलाच. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने चुम्फोन, तिथून बोटीने को ताओ. किंवा पुढे सुरत थानीला उतरून सामुईकडे. सुरत थानीचं स्टेशन गावात नाही, फुनफिनला आहे, बारा-तेरा किलोमीटरवर, तेव्हा बसचा हिशेब आधी करावा. या गावाला १९१५ साली राजा वजिरावुधने आपल्या सुरतेवरून नाव दिलं आणि तिथल्या नदीला तापी. तापीकाठी उभं राहून कपडे पिळण्याचं समाधान त्यामुळे परदेशातही मिळतं. गाडीत खालचा बर्थ रुंद आणि महाग, वरचा अरुंद आणि स्वस्त. कोण कुठे झोपणार हे तिकीट काढतानाच ठरवा. एसी डब्यात हुडहुडी भरेल एवढी थंडी असते, पण त्या कोरड्या हवेत पडद्याच्या दांडीला टांगलेला पंचा पहाटेपर्यंत कडकडीत होतो. फुकटची वाळवणीची खोली म्हणून मी ही गाडी विमानापेक्षा वरची मानतो.

बोटीवर चढताना छातीवर उतरायच्या बेटाचा रंगीत स्टिकर चिकटवतात. तो शर्टावरून धुण्याआधी काढायचा. नंतर निघतो तो फक्त कागद, डिंक जन्मभराचा सोबती. पिशव्या एका ढिगात जातात आणि उसळत्या समुद्रात त्यांच्यावर फवारे उडतात. पिशवीला वरून घालायचं टोपडं पाठीच्या बाजूला उघडंच असतं, नेमकं तिथूनच पाणी शिरतं. म्हणून पिशवीच्या आत कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घालावी आणि सामान तिच्यात. पासपोर्ट, फोन वगैरे गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत: पाव भाग रिकामा सोडायचा, हवा दाबून काढायची, तोंडाला तीन घड्या घालून मगच बकल लावायचं. दोन घड्यांवर बकल लावणारा मित्र ओळखून ठेवा. पैसे त्याच्याकडे देऊ नका. तशी २० बातची नोट २०२२पासून पॉलिमरची आहे, ती भिजली तरी पुसून घेता येते. सरकारनेही ओलीपुढे हात टेकलेत.

हे सगळं जमत नसेल तर लाँड्री आहे. किलोवर पैसे, साधारण ४० ते ६० बात, आज टाकले की उद्या. घरगुती लाँड्रीवाल्या बाईंकडेही शेवटी दोरी आणि सूर्यच असतो, त्यामुळे पाऊस लागला की ‘उद्या’चा परवा होतो. बोटीची वेळ टाकतानाच सांगा. आणि दोघांचे कपडे एका पिशवीत देऊ नका. वजन वाचत नाही, आणि सारख्याच काळ्या चड्ड्या वेगळ्या करताना मैत्री तपासली जाते. मोठ्या गावांत नाण्यांवर चालणारी यंत्रं आहेत, सुकवणाऱ्या यंत्रासकट. त्यासाठी १० बातची नाणी जपून ठेवावीत.

अर्धवट ओले कपडे घालून फिरणाऱ्याला गजकर्ण होतं. जांघेत. क्लोट्रिमाझोलची एक नळी दोघांत पुरेल असा हिशेब करू नका, हे एकच मलम आहे जे कुणी मित्राशी वाटून घेऊ नये. आणि धुतल्यावरही येणाऱ्या त्या कुबट वासामागे बहुतेक वेळा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. गार पाण्याने त्याला आंघोळ घडते एवढंच. गरम पाणी आणि लवकर वाळवणं, दुसरा इलाज नाही.

तारखा मित्राला ठरवू देऊ नका. आखातातल्या या बेटांवर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबर सगळ्यात वाईट; फुकेत-क्राबीच्या अंदमान किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबरमध्ये सामुईला खोल्या स्वस्त मिळतात म्हणून तो हरखतो. स्वस्त का, ते दोरीला विचारा. फेब्रुवारी-मार्च उत्तम. एप्रिलच्या १३ ते १५ला सोंगक्रान, थाई नववर्ष: रस्त्यावर प्रत्येक जण प्रत्येकावर बादल्या ओततो. त्या तीन दिवसांत दोरी बांधूच नये.

परतीच्या विमानात मात्र हवा वीस टक्क्यांहूनही कोरडी असते. ओठ फुटतात, नाक सुकतं, रुमाल अर्ध्या तासात वाळतो. सगळ्या प्रवासात वाळवायला याहून चांगली जागा नाही, आणि नेमकी तेव्हा जीन्स, टॉवेल आणि दोघांच्या चड्ड्या खाली सामानात, काळ्या पिशवीत घट्ट बांधलेल्या असतात. बांधलेल्या मित्राने. दोन घड्या घालून.