लादलेल्या सायकलीचा फोटो कसा काढावा

सायकलवर लांब जायचं ठरवलंय ना? उत्तम. आधी सायकल भिंतीला टेकवा. जायचं नंतर बघता येईल.

हा सल्ला मी फुकट देतोय, पण मला तो फुकट मिळालेला नाही. गेल्या महिन्यात लातूर ते नळदुर्ग असा दोन दिवसांचा दौरा करून आलो. मी सायकल चालवायला गेलो होतो, सोबतचे सर सायकल दाखवायला. (लातुरात दर तिसरा माणूस सर असतो, तेव्हा कोण ते ओळखायच्या भानगडीत पडू नका.) लातूर, औसा, उजनी, काक्रंबा, तुळजापूर, तिथं मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. पहिल्या दिवसाचं अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला निघालो आणि तुळजापुरात पोचलो रात्री साडेआठला. वारा नव्हता, चढ तसे किरकोळ. सरांची सायकल वाटेत एकतीस ठिकाणी सुंदर दिसली, एवढंच. ते फोटो सरांनी सोशल मीडियावर टाकलेत.

तर आधी बाजू. चेन ज्या अंगाला असते ते उजवं अंग कॅमेऱ्याकडं. डावं अंग दाखवणं म्हणजे लग्नपत्रिकेवर नवरदेव पाठमोरा छापणं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, पुढं काढून जमिनीला समांतर, चेन मोठ्या चकतीवर आणि दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह बरोबर खाली, घड्याळात सहा असतात तिथं. हे मी ठरवलेलं नाही, जगभरचे सायकलवाले हे सोवळं पाळतात. मोकळ्या सायकलीला ते सोपं जातं. लादलेल्या सायकलीचा पुढचा व्हॉल्व्ह खाली आला की मागचा दहावर जाऊन बसतो. मग मागचं चाक उचलून अधांतरी फिरवावं लागतं, आणि मागच्या चाकावर पंचवीस किलो. उचलणार कोण? त्यासाठी सोबती न्यावा. सोबती नेण्याचं दुसरं कारण मला तरी दोन दिवसांत सापडलं नाही.

फ्रेमला पंप लावलेला असावा. त्यानं माणूस अनुभवी वाटतो. आपल्याकडं नसेल तर सोबत्याचा मागून घ्यावा: "फोटोपुरता द्या हो."

भिंत रंग उडालेली निवडावी, पण पिचकाऱ्या नसलेली. आपल्याकडं अशी भिंत शोधायला वेळ लागतो. सापडलीच तर तिच्यापुढं आधीपासून कुणीतरी बसलेलं असतं. औशात एक आजोबा बसले होते, पांढरं धोतर, मांडीवर पिशवी. "आजोबा, जरा सरकता का? सायकलीचा फोटो काढायचाय." आजोबा उठले, बाजूला झाले, एकतीसपैकी त्या एका फोटोसाठी दहा मिनिटं उन्हात उभे राहिले. आणि शेवटी लाजत म्हणाले, "आता आमचाबी एक काढा की." सरांनी मोबाइल त्यांच्याकडं धरला, "काढला बघा आजोबा" म्हणाले आणि खिशात ठेवला. बटण दाबलं नव्हतं. मी बाजूलाच होतो.

असो. सल्ला चाललाय.

सामानात हात आखडता घेऊ नये. दोन दिवसांसाठी मागं दोन पॅनियर (चाकाच्या अंगाला लटकवायच्या पिशव्या), पुढं दोन, हँडलला एक पिशवी, त्या सगळ्यांवर आडवा तंबू. शिवाय गॅसची शेगडी, घडीची खुर्ची, पाणी गाळायचं यंत्र. तुळजापुरात भक्तनिवासात खोली मिळते, वाटेत जागोजागी चहाच्या टपऱ्या आहेत, सगळं खरं. पण टपरीवरच्या कपात ती शेगडीची शान नसते. तंबू एकदाच उघडला, एका शेतकऱ्याच्या खळ्यावर, अकरा मिनिटं, फोटोपुरता. घडी घालायला मात्र पाऊण तास लागला, कारण तो ज्या पिशवीतून निघतो त्या पिशवीत परत जात नाही, हे तंबू बनवणाऱ्यांचं गुपित आहे. आणि पाण्याचं यंत्र? उजनीला थांबलो, बासुंदीसाठी, उजनीला माणूस दुसऱ्या कशासाठी थांबतो? सरांनी हॉटेलच्या जगमधलं पाणी त्या यंत्रातून बाटलीत गाळून घेतलं. बासुंदी तशीच खाल्ली. दोनदा.

तिथंच एक मावशी सायकलीभोवती फेरी मारून आली. पिशव्या बोटानं दाबून बघितल्या. "काय इकायलाव? चादरी का?"

"सेल्फ सपोर्टेड टूरिंग आहे, मावशी. कुणाची मदत न घेता फिरायचं."

"मग चादरी न्हाईत का?"

न्हाईत, मावशी. बाकी सगळं आहे.

जड सामान खाली, चाकाच्या जवळ आणि पुढं-मागं वाटून ठेवावं, म्हणजे सायकल झोके खात नाही, असं जाणकार सांगतात. त्यांचं ऐकू नये. खाली ठेवलेलं फोटोत दिसत नाही. तसंच, मागच्या चाकाचे स्पोक बहुतेक वेळा चेनच्याच अंगाला तुटतात, कारण तिकडं ताण जास्त असतो. आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकती, काढल्याशिवाय तिथं नवा स्पोक जात नाही. फ्रीव्हील काढायचा पाना मुठीत मावतो. खुर्ची घ्यावी. पाना घेऊ नये.

सामानाच्या बाबतीत जुन्या लोकांचा आदर्श तर मुळीच ठेवू नका. थॉमस स्टीव्हन्स नावाचा गडी १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून त्या उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. मधे आपल्याकडं लाहोरहून कलकत्त्यालाही जाऊन आला. सामान काय, तर मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी कोट. तोच रात्री तंबू. अशा सायकलीचा फोटो कोण बघणार? मुंबईहून १९२३ ला सहा पारशी तरुण निघाले, त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ ला जगाला फेरी घालून घरी आले. साडेचार वर्षांत जग. आम्हाला औसा गाठायला चार तास लागले. वीस किलोमीटर आहे.

टायर जर्मन असला तरी काटा बाभळीचा असतो, म्हणून पंक्चरचा फोटो टाकू नये.

आता पार्श्वभूमी. हिरवी हवी. त्यासाठी डांबरावर थांबून चालत नाही, सायकल सरळ रानात घालावी. पाऊस आदल्या रात्रीच पडून गेलेला असेल तर फारच छान. आशिव गावाच्या अलीकडं सोयाबीन असं काही उभं होतं की सरांना राहवलं नाही. बांधावरून एक माणूस ओरडला, "रान वलं हाय वो सायेब, चाक फिरायचं न्हाई!" सरांनी हात हलवला. त्यांना वाटलं, तो शुभेच्छा देतोय.

काळ्या रानाचं ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही ते पुण्याचे असतील. वीस पावलांत चाक जाड झालं, तिसाव्या पावलाला मडगार्डात माती ठासून बसली, आणि मग सायकल फिरायची बंद होऊन घसपटत यायला लागली, बुजलेल्या बैलासारखी. ब्रेकमध्ये माती, चेनमध्ये माती, चपलेला दोन-दोन किलो माती. तशातही सरांनी फोटो काढला. मग मला हाक मारली. मडगार्ड काढल्याशिवाय ती माती निघत नाही, आणि मडगार्डाचा बोल्ट जिथं, तिथंच कॅरियरचाही. म्हणजे कॅरियर सोडा. म्हणजे पॅनियर उतरवा, तंबू उतरवा, खुर्ची उतरवा. मी तुरीच्या काडीनं माती कोरतोय, सर पुढच्या फोटोसाठी ऊन कुठून येतंय ते बघतायत. मी म्हणालो, सर, तो बोल्ट धरा. धरला. एका हातानं. दुसऱ्या हातात मोबाइल. पाच मिलिमीटरचा बोल्ट, टप्पकन गेला काळ्या मातीत, आता तो सोयाबीनच्या राशीतच निघेल. आणि त्यांच्या पायाखाली दोन ओळी सोयाबीन आडवं झालं होतं, शेंगा भरत आलेलं, ते काय पार्श्वभूमी म्हणून पेरलं होतं का कुणी? बियाण्याची पिशवी काय भावानं घेतली, दुबार पेरणी झाली की नाही, विचारायचं तरी! तो माणूस आला. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. तो काही बोलला नाही. त्यानं विहिरीवरची मोटार चालू केली, पाइप ओढत आणला, सायकल धुऊन दिली. मग घरात जाऊन जुन्या ट्यूबची पट्टी आणली आणि बोल्ट गेला होता तिथं कॅरियर फ्रेमला असा काही आवळला की नळदुर्गपर्यंत केसभर हलला नाही. दुधाचे कॅन बांधणारा हात होता तो. पैसे देऊ केले तर म्हणाला, "राहू द्या, च्या पिऊन जावा." दीड तास गेला त्याचा.

सरांनी निघताना ती पट्टी पावसाळी कव्हरखाली झाकली. फोटोत बरी दिसत नाही म्हणे.

३ जूनला जुना का असेना, एक फोटो टाकावा. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली तो जागतिक सायकल दिन ठरवला. २०२० साली नेमक्या त्याच दिवशी अ‍ॅटलस सायकलींचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, ती अ‍ॅटलस, जिच्या नळीवर बसून निम्मा मराठवाडा शाळेत गेला. पण ते लिहू नये. लाइक कमी पडतात.

रस्त्याबद्दल कुणी विचारलं तर हात जोडलेला इमोजी टाकावा. पाणी कुठं मिळेल, ट्रकांचा त्रास कुठं आहे, पंक्चरचं दुकान किती वाजता बंद होतं, हे प्रश्न विचारणाऱ्यांना खरं म्हणजे पॅनियर कुठल्या कंपनीचे हेच विचारायचं असतं, असं धरून चालावं.

नळदुर्गला पोचलो तेव्हा बोरी नदी भरून आली होती. नर आणि मादी दोन्ही धबधबे पाणीमहालाच्या अंगावरून कोसळत होते. इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं ते बांधकाम, धरणाच्या पोटात महाल, खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा. दरवर्षी तो योग येत नाही, पाऊस लागतो. सरांनी टाकलेल्या तिथल्या फोटोत तंबूच्या वर डावीकडं पांढरं काहीतरी दिसतं बघा. तोच धबधबा.

परत आलो छोट्या हत्तीतून. तो सरांनीच ठरवला, स्पोक तुटला म्हणून. चेनच्या अंगाचा. पाना नव्हता. टेम्पोचा फोटो नाही. धबधब्याच्या फोटोखाली सरांची ओळ आहे: "दोन दिवस, मी आणि माझी सायकल. पूर्णपणे सेल्फ सपोर्टेड."

सेल्फ! अहो सर, कसलं सेल्फ? कॅरियर त्या शेतकऱ्यानं बांधला, सायकल त्याच्या मोटारीच्या पाण्यानं धुतली, चाक मी उचललं, एकतीस वेळा, माझी कंबर अजून दुखतेय, आणि घरी टेम्पोनं आणलं. फोटोत उजव्या कडेला जो कोपर दिसतोय तो माझा आहे. तेवढाच राहिला, बाकीचं मला तुम्ही कापलंय. कापा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या आजोबांना खोटं का सांगितलं? एक फोटो काढायला काय पडत होतं तुमचं? शंभर फोटो काढलेत मेल्या पिशव्यांचे!

आणि शेजारचा पोरगा, तंत्रनिकेतनात आहे, दिवाळीत मित्राबरोबर सायकलनं तुळजापूरला जाणार होता. तुमचा फोटो बघून माझ्याकडं आला. म्हणाला, काका, एवढं सगळं घ्यायचं तर किती पैसे लागतील? मी म्हणालो, काही लागत नाही, गिअर नसले तरी चालतं. त्याला पटलं नाही. तुमचा फोटो दाखवला मला, माझ्याच समोर. बेत रद्द केला त्यानं. कोजागिरीला लोक त्याच देवीला पायी जातात, अनवाणी जातात, हातात एक पिशवी. आणि ह्या पोराकडं चांगली सायकल आहे, कॅरियर आहे, सुतळी आहे, आणि तो घरी बसला, कारण त्याच्याकडं घडीची खुर्ची नाही! लाज वाटली पाहिजे.

त्या शेतकऱ्याच्या बांधावर मी परत जाणार आहे, दोन ओळींचे पैसे द्यायला. घेणार नाही तो, पण जाईन. यायचं तर या. मोबाइल घरी ठेवून या.

आणि माझा पंप. फोटोपुरता म्हणून घेतला होतात. निळा, मुठीला पांढरी चिकटपट्टी. विचारलं तर म्हणता, माझ्याकडं नाही. सर, तो तुमच्या फ्रेमला आहे. फोटोत दिसतोय.