नळीबंदी

८ जुलै २०२५ ला आमच्या पाणी कंपनीची मेल आली तेव्हा आईला लातूरहून लीड्सला येऊन दोनच दिवस झाले होते. मी चहा घेता घेता तिला मेल वाचून दाखवली. ११ तारखेपासून नळीनं बागेला पाणी घालायचं नाही. नळीनं गाडी धुवायची नाही. पोरांचे फुगवायचे हौद भरायचे नाहीत. अंगण, खिडक्या नळीनं धुवायच्या नाहीत. नियम मोडला तर १,००० पौंडांपर्यंत दंड. (पौंडाचे रुपये किती, हा तिचा पहिला प्रश्न. लाखाच्या वर म्हटल्यावर पदर तोंडाला गेला.)

“म्हणजे नळाला पाणी यायचं नाही?”
“येणार की.”
“किती वेळ?”
“चोवीस तास.”
“रोज?”
“रोज.”
“मग बंदी कशाची आलीय गं?”

त्या दिवसापासून आमच्या घरात होजपाइप बॅनचं नाव ‘नळीबंदी’ पडलं. नसबंदीच्या चालीवर. आईचंच बारसं, आणि प्रत्येक वेळी म्हणताना तीच हसायची.

इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तेव्हा हाच सूर होता. “ह्यांना दुष्काळ म्हणजे काय ते दाखवायला एकदा मराठवाड्यात न्यायला पाहिजे,” “लॉन पिवळं पडलं की ह्यांचा दुष्काळ,” वगैरे. मीही दोन हसऱ्या बाहुल्या टाकल्या. पण पुढचे दोन महिने आई घरात होती, तिच्याबरोबर ही बंदी पाळली, आणि आता मला ते हसू पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते. लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी पावसाचं. ‘इंग्लंडमध्ये बारा महिने पाऊस’ हे आपण इतकं ऐकलेलं असतं की इथे दुष्काळ पडू शकतो हेच पटत नाही. लीड्सला वर्षाचा एकूण पाऊस लातूरपेक्षा फार जास्त नाही! फरक असा की तो वर्षभर थोडा थोडा पडतो, आणि ऊन कमी म्हणून मुरतो, टिकतो. आपल्याकडे चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने उडून जातो. त्यामुळे इथली सगळी व्यवस्था ‘पुढच्या आठवड्यात पडेलच’ ह्या भरवशावर उभी. २०२५ चा वसंत मात्र इंग्लंडमध्ये शंभरेक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. जूनमध्ये यॉर्कशायरमध्ये (लीड्स ह्याच भागात येतं) अधिकृत दुष्काळ जाहीर झाला, आणि जुलैत बंदी आली तेव्हा इथली धरणं जेमतेम निम्म्यावर होती. ह्या दिवसांत ती बरीच भरलेली असायला हवीत.

एका रविवारी आम्ही आईला रिपंडनजवळच्या बेटिंग्ज धरणावर घेऊन गेलो. पाणी खाली गेलं की तिथे बुडालेला जुना दगडी पूल वर येतो. तट्टं माल घेऊन जायची तेव्हाचा, अरुंद, एका कमानीचा. लोक फोटो काढायला आले होते, आइस्क्रीमची गाडीसुद्धा उभी. आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “पळसदेवासारखंच की.” पुण्याला जाता-येता एसटीतून तिनं उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यातून वर आलेलं पळसनाथाचं देऊळ कितीदा तरी पाहिलंय. देऊळ दिसलं की समोरच्या वर्षी काय वाढून ठेवलंय ते कळतं, असं ती म्हणते. आइस्क्रीम नको म्हणाली.

आता आमच्या शेजाऱ्यांबद्दल. ऐंशीच्या घरातले, एकटे, टोमॅटो आणि गुलाब हे त्यांचं कुटुंब. बंदीवर ते भयंकर चिडलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: इंग्लंडमध्ये जेवढं पाणी नळात सोडलं जातं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा गळक्या पाइपांमधून जमिनीत जातो. १९८९ मध्ये पाणी खासगी कंपन्यांच्या हाती गेलं. १९९२ मध्ये डर्बीशायरमधलं कार्सिंग्टन धरण पूर्ण झालं, त्यानंतर देशात मोठं नवं धरण पूर्ण झालं नाही. भागधारकांना लाभांश मात्र वाटला गेला. “आणि दंड कोणाला? माझ्या टोमॅटोंना.”

ह्यातला शब्द न् शब्द मला पटतो. १९९५ ची गोष्टही त्यांनीच सांगितली. तेव्हा यॉर्कशायरची धरणं इतकी आटली की वर नॉर्थंबरलँडातल्या कील्डर जलाशयातून शेकडो टँकरांनी रात्रंदिवस पाणी आणावं लागलं. पाणी कंपनीचे प्रमुख तेव्हा म्हणाले की मी स्वतः तीन महिने आंघोळ किंवा शॉवर घेतलेला नाही, आणि सगळ्या देशानं त्यांची टिंगल केली. टँकरचं नाव निघाल्यावर आईचे कान टवकारले. “ह्यांच्याकडं पण टँकर?” मी भाषांतर केलं. शेजारी म्हणाले, हो, महामार्गावर रांगा लागायच्या. आई म्हणाली, आमच्याकडं तर आगगाडी आली होती.

ते मला त्यांना नीट समजावून सांगावं लागलं. एप्रिल २०१६. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं ठाक. मिरजेहून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर पाणी घेऊन जलदूत एक्स्प्रेस लातूरला आली. १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. त्याआधी मार्चमध्ये टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावली होती. पाण्यावरून दंगल होईल म्हणून! त्या मे महिन्यात मी दीड वर्षाच्या लेकीला घेऊन माहेरी गेले होते. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं. उरलेलं विकत. लेकीला आंघोळ घातलेलं पाणी परातीत धरायचं, त्यात तिचे लंगोट खळबळायचे, आणि तेच मग संडासात. आई झोपायची ड्रमशेजारी खाट टाकून. कोणी चोरेल म्हणून नाही, असं ती आजही सांगते. पण खाट तिथेच होती.

इथल्या कंपन्या सांगतात की बागेची नळी तासभर चालली तर हजार लिटर पाणी जातं. म्हणजे आमच्या गल्लीतलं घरटी दोनशे लिटर ही नळीची बारा मिनिटं. मी हा हिशोब शेजाऱ्यांना सांगितला नाही. त्यांच्या अंगणात बसून त्यांचाच चहा पिताना तो सांगणं बरं दिसलं नसतं, आणि खरं तर त्या हिशोबाला काही अर्थही नाही. त्यांनी बारा मिनिटं वाचवली म्हणून लातुरात एक घागर वाढणार नाही.

पण दुसरी एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या आठवली, आणि ह्या पोस्टचं मूळ ते आहे. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. आठवतं ना किती वाद झाला? मैदानावर मारायच्या पाण्यानं कुठल्या गावाची तहान भागणार, असं क्रिकेटवाले म्हणत होते. हिशोबानं ते खरंच होतं. मराठवाड्यातलं पाणी मैदानं पीत नव्हती. उसाला जे पाणी जातं त्यापुढे मैदानं म्हणजे चूळ भरण्याइतकी. आमच्या घरात तेव्हा ह्यावरून जेवणं थंड झालेली आहेत. माझा मामा ऊसवाला. तो म्हणायचा, शहरातली माणसं फ्लश दाबून जेवढं घालवतात ते आधी बघा. फ्लशवाले म्हणायचे उसाकडे बघा. ऊसवाले म्हणायचे दारूच्या कारखान्यांकडे बघा. प्रत्येकाचं बोट बरोबर ठिकाणी होतं, आणि प्रत्येकाची मोटार चालू होती.

शेजाऱ्यांची पाइपगळती आणि मामाचा फ्लश हे एकाच घराण्यातलं बोलणं आहे. खरं आणि सोयीचं, दोन्ही एकदम. गळती थांबवा म्हणून भांडलंच पाहिजे, मी स्वतः आमच्या खासदाराला पत्र लिहिलंय. पण ती दुसऱ्या दिवशी थांबणार नव्हती आणि धरणं तेव्हा निम्मी होती.

सरकारही ह्या बाबतीत काही कमी विनोदी नाही. ऑगस्टमध्ये इथल्या दुष्काळाच्या राष्ट्रीय गटानं लोकांना सल्ला दिला की जुन्या मेल आणि फोटो डिलीट करा, डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी लागतं. अख्ख्या देशाला हसायला विषय मिळाला. माझ्या नवऱ्यानं मात्र अकरा वर्षांच्या लग्नात पहिल्यांदाच फोन साफ केला, तेवढा फायदा झाला.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. नळाला चोवीस तास पाणी आहे, तर बंदी कशाची?

बंदी सुरू झाल्यावर शेजाऱ्यांनी झारी काढली. दहा लिटरची. पहिल्या संध्याकाळी रागारागानं पंधरा खेपा. मग दहा. ऑगस्टात मी मोजल्या तेव्हा सहा होत्या. गवताला पाणी घालणं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडलं, ते पिवळं झालं (आणि ऑक्टोबरात आपोआप हिरवं झालं, ते मरत नाही). गुलाबांना एक दिवसाआड. टोमॅटोंना रोज, पण बुडाशी, पानांवर नाही. कोणी शिकवलं नाही. खांद्यानं शिकवलं. नळी हातात असली की पाण्याला वजन नसतं. झारीत ते दहा किलो होतं आणि माणूस आपोआप विचारतो, ह्या झुडपाला खरंच लागतंय का?

आई हे मागच्या खिडकीतून बघायची. एका संध्याकाळी मला म्हणाली, “म्हातारबा आता पाणी भरायला शिकला बग.” त्यात खवचटपणा होता, पण नुसता खवचटपणा नव्हता. तिनं पन्नास वर्षं पाणी उचललंय. तिला घागर म्हणजे किती हे मानेला ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात तिनं आमच्या शॉवरखाली बादली ठेवली, गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी वाया जातं ते धरायला. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं एका टपात. तो टप घेऊन ती कुंपणापाशी जायची आणि शेजारी पलीकडून झारी पुढे करायचे. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. बदल्यात टोमॅटो यायचे. त्यांची चटणी करून तिनं त्यांना पाठवली, तिखट कमी घालून. तिच्या मते कमी.

आणि ही गोष्ट मला व्हॉट्सअॅपवर हसणाऱ्या माझ्या मंडळींना सांगायची होती. पाणी असताना घातलेली बंदी ही चैन नाही, बंदी घालायची वेळच ती असते. धरण निम्मं असताना नळी बंद केली म्हणून नळ चालू राहिला. आपल्याकडे बंदी जाहीर होतच नाही. ती नळातून कळते. आज पाणी आलं नाही, उद्याही नाही, मग चार दिवसांआड, मग आठ. कोणी सही केलेला कागद नाही, कोणाला सूट आणि का ह्याची यादी नाही. इथे अपंग माणसाला सूट आहे, गाड्या धुणं हाच ज्याचा धंदा त्याला सूट आहे, ते चूक वाटलं तर भांडायला कागद हातात आहे. आमच्या गल्लीत सूट कोणाला होती? ज्याच्या नळाला मोटार होती त्याला. ज्याची बोअर आठशे फूट गेली होती त्याला. त्यांची बाग तेव्हाही हिरवी होती आणि नळीच होती हातात.

कागदावरचा एक आकडा मला फार छळतो. आपल्याकडे शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाण्याचं मानक आहे. इंग्लंडमधला माणूस प्रत्यक्षात वापरतो साधारण १४०. म्हणजे कागदावर लातूर आणि लीड्स शेजारी शेजारी राहतात.

आई सप्टेंबरात परत गेली. जाताना माझ्याकडून पावसाचं पाणी साठवायचं एक हिरवं पिंप विकत घ्यायला लावलं. पन्हाळीच्या पाइपाला जोडायचं असतं. त्यातलं पाणी नळीनं घातलं तरी इथे चालतं, ते बंदीत येत नाही. हे कळल्यावर शेजाऱ्यांनी चक्क दोन घेतली.

डिसेंबरात बंदी उठली. मेल दुपारी वाचली आणि आईला फोन लावला, म्हटलं, नळीबंदी उठली गं, म्हातारबांना सांगू का तुझ्याकडून काही?

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. “मग बोलते,” म्हणाली. “नळ आलेत.”