३२ बिट, चतुर्थी आणि निपाणीकरांचा राग

निपाणीकर, नमस्कार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे आणि ते निम्मं नेमकं कुठलं हे ठरेना.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या १३ व्या आवृत्तीवरच्या लेखात मी "३२ बिट मशीन (जुन्या प्रोसेसरचे संगणक) आता पुरे झाली" असं एका ओळीत उडवून लावलं होतं. तुमचं म्हणणं असं, की सीमाभागातल्या शाळांत हीच मशीन आहेत. डेबियनला मालक नाही, पुढाऱ्याची निवडणूक दरवर्षी, मग पाच वर्षांचा आराखडा करणार कोण? या मशीनचा कुणी विचारच केला नाही. हे म्हणजे गल्लीतलं गणेश मंडळ, वर्गणी जमली तर आरास.

ती ओळ मी मागे घेतो. बेळगावात बसून लिहिली होती, आणि समोर १६ जीबी रॅमचा लॅपटॉप होता. रिलीज नोट्सनी तर माझ्यापेक्षा कोरडेपणाने सांगितलंय: आय३८६, म्हणजे ३२ बिट मशीनसाठीचं डेबियन, वापरणाऱ्यांनी १३ वर येऊ नये, जमत असेल तर ६४ बिट नव्याने बसवावं, नाहीतर मशीन निवृत्त करावं. खानापूर तालुक्यातल्या शाळेच्या सरांना हे वाचून दाखवायची माझी तरी छाती नाही.

पण "कुणी विचारच केला नाही" हे मात्र मान्य नाही. रिलीज टीमने डिसेंबर २०२३ मध्येच कळवलं होतं, की आय३८६ चा कर्नल (सिस्टीमचा गाभा), इन्स्टॉलर आणि डिस्क इमेज सांभाळणारे हात लवकरच थांबतील. १३ आली ९ ऑगस्ट २०२५ ला. म्हणजे वीस महिने आधी. आणि कारण खर्चाचं नव्हतं, माणसांचं होतं. प्रत्येक आवृत्तीआधी तिथे हजेरी घेतली जाते: या आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकाराची) जबाबदारी कोण घेतंय, नाव सांगा. नावंच आली नाहीत तर त्या आर्किटेक्चरला पुढच्या आवृत्तीत जागा मिळणं अवघड. डेबियनच्या घटनेत (होय, त्यांना घटना आहे) साफ लिहिलंय, की प्रकल्पाचं काम करायची सक्ती कुणावरही नाही. निवडून आलेला नेतासुद्धा कुणाला "हे कर" म्हणून सांगू शकत नाही. अशा ठिकाणी पाच वर्षांचा आराखडा कागदावर काढायला काहीच लागत नाही, आणि त्याला तेवढीच किंमत असते.

आता मंडळाचं. तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, मला तो अगदी चपखल वाटला. आमच्या गल्लीत चतुर्थीची तारीख पंचांगात ठरलेली. मंडप किती उंच हे त्या वर्षी पोरं किती येतात त्यावर. डेबियनने हे फार उशिरा शिकलं. जुलै २००२ च्या वुडी या आवृत्तीनंतर पुढची, सार्ज, यायला जून २००५ उजाडला, कारण सगळं तयार झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही हा हट्ट होता. तो हट्ट अजून आहे, पण नवं काही आत घेणं कधी थांबवायचं ती तारीख आता आधीच जाहीर करतात. तेव्हापर्यंत ज्याचं काम झालं ते आत, राहिलं ते पुढच्या वेळी. २०११ पासून साधारण दर दोन वर्षांनी आवृत्ती आली आहे. कंपनीचा शब्द पक्का म्हणत असाल तर रेड हॅट कंपनीच्या छत्राखालची मोफत लिनक्स सेंटओएस ८ आठवा. २०२९ पर्यंत सांभाळू म्हणून सांगितलं होतं, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, २०२१ अखेर बंद.

लांबचं बघत नाहीत म्हणता? १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळं तिथे भरतात आणि उलटून १९०१ दाखवतात. डेबियनने २०२४ मध्ये, चौदा वर्षं आधी, शेकडो लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) पुन्हा बांधून आर्म प्रोसेसरवरच्या ३२ बिट मशीनसाठी तो हिशोब ६४ बिटांवर नेला. आय३८६ तेवढं तसंच ठेवलं, कारण त्यावरचे जुने बंदिस्त प्रोग्राम बिघडले असते.

तुमचं खरं निम्मं इथे येतं. ज्याच्याकडे हात नाहीत त्याची हजेरी कोण लावणार? चिकोडीच्या शाळेतला मास्तर त्या मेलिंग लिस्टवर नसतो. आणि मी स्वतः? इन्स्टॉलरच्या मराठी भाषांतरातल्या काही ओळी मी केल्या होत्या, मग नोकरी बदलली आणि कुणाला न सांगता थांबलो. पॅकेज सोडायचं असेल तर तिथे ते "अनाथ" म्हणून यादीत टाकायची रीत आहे, म्हणजे दुसऱ्याला उचलता येतं. मी तेवढंही केलं नाही. योजना कोलमडते ती अशाने, गुपचूप.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी खानापूरकडच्या त्या शाळेत गेलो. अकरा मशीन, सगळ्यांवर जुनं ३२ बिट. एकेकावर टर्मिनल उघडून एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती सांगणारी आज्ञा) टाकलं आणि दुसरी-तिसरी ओळ बघितली. अकरापैकी आठांवर "३२ बिट, ६४ बिट" असं दोन्ही. कोअर टू ड्युओ, म्हणजे ६४ बिट चालवू शकणारे प्रोसेसर! बसवणाऱ्याने कधीतरी हाताशी होती ती सीडी घातली, एवढंच. उरलेली तीन अ‍ॅटमची छोटी नेटबुकं, ती खरोखरच ३२ ची. त्यांना १२ वरच राहू दे, नेटशिवाय टायपिंगला. आठांवर ६४ बिट बसवलं; त्यांपैकी दोनमध्ये रॅम एक जीबी होती, तिथे एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घातला. सरांनी पहिल्यांदा मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड चालतात का ते पाहिलं. "ऱ्य" नीट उमटतोय म्हटल्यावर चहा आला.

तुमच्या निपाणीच्या शाळांत किती मशीनवर ती ओळ दोन्ही आकडे दाखवते, एवढं बघून इथे टाका. पेनड्राइव्ह तयार आहे. शनिवारी दुपारनंतर चिकोडीला यायचंच आहे, तिथून निपाणी लांब नाही. आणि ती भाषांतराची ओळ मी काल रात्री परत उघडली, आधी मराठी भाषांतरकारांच्या मेलिंग लिस्टवर नाव सांगून.