लोककलावंत आजारी पडला की आधी कार्यक्रम नको, आधी कागद

विठाबाई नारायणगावकर जानेवारी २००२ मध्ये गेल्या. राष्ट्रपतींनी गौरवलेली तमाशासम्राज्ञी, आणि रुग्णालयाचं बिल शेवटी देणगीदारांना भरावं लागलं. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने नंतर सुरू केला.

आजही एखादा ढोलकीवाला किंवा शाहीर दवाखान्यात गेला की तासाभरात व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरतो आणि दोन दिवसांत मदतीचा कार्यक्रम ठरतो. माया खरी असते, पण क्रम चुकतो आणि त्यात पैसा वाया जातो.

पहिलं काम रेशनकार्ड आणि आधार शोधायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण रुग्णालय योजनेतलं हवं, उपचार यादीतला हवा आणि मंजुरी उपचाराआधी हवी. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा. होतं काय, की घाबरून जवळच्या खासगी दवाखान्यात रोख डिपॉझिट भरतात आणि चौथ्या दिवशी योजनेची चौकशी करतात. तोवर गेलेला पैसा परत येत नाही. तमाशाच्या फडावरच्या माणसाची अडचण आणखी वेगळी. सात-आठ महिने तो फिरतीवर, रेशनकार्ड गावी, आणि पोस्टरवरचं नाव एक तर आधारवरचं दुसरंच. म्हणून दसऱ्याला फड बाहेर पडतानाच मॅनेजरने प्रत्येकाच्या कागदांच्या झेरॉक्स ठेवाव्यात. सत्तरी ओलांडलेल्यांचं मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं. त्याला उत्पन्नाची अट नाही.

मोठी खासगी रुग्णालयं अनेकदा धर्मादाय ट्रस्टची असतात. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून लेखी अर्ज द्या, सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडा. तोंडी विनवणीची कुठेच नोंद राहत नाही.

एवढं करून जे कमी पडेल, तेवढ्यासाठीच वर्गणी. शक्य असेल तर पैसे थेट रुग्णालयात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरा. नाहीतर खातं रुग्णाचं किंवा त्याच्या जोडीदाराचं, हिशोब दोघांकडे, आणि रोजच्या जमा-खर्चासोबत बिलाचा फोटो ग्रुपवर. रक्कम पूर्ण झाली की तसं जाहीर करून कोड बंद करा. परदेशातलं मंडळ मदत करणार असेल तर एक लक्षात ठेवा, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेच्या खात्यात तो पैसा घेता येत नाही.

कार्यक्रमाला विरोध नाही, पण गणित मांडा. समजा ३०० रुपयांची ४०० तिकिटं गेली, १ लाख २० हजार आले. नाट्यगृह, साउंड, कलाकारांचा प्रवास आणि जेवण यात ७० हजार गेले की उरतात ५० हजार, तेही महिन्या-दीड महिन्याने. त्यापेक्षा ४० जणांनी दरमहा ५०० रुपये दिले तर महिन्याला २० हजार येतात. घरी आल्यावर वर्षभराची औषधं, फिजिओथेरपी, प्रवास या काळात माणूस एकटा पडतो, आणि तेव्हा असा बांधलेला पैसाच उपयोगी येतो.

एक गोष्ट वादकांनीच डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी. डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी, करायचा तर साधारणपणे कमी वापराचा हात निवडतात, म्हणजे बहुतेकांचा डावा. ढोलकीवाल्याचा डावा हात धुमेवर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या तोंडावर असतो, घुमणारा आवाज त्याच हाताच्या दाबातून निघतो. ‘उजव्या हाताने जेवतो ना?’ एवढ्या प्रश्नात हे कळत नाही. निर्णय शिरा तपासून सर्जनच घेतील, पण दोन्ही हात पोटाचे आहेत हे शस्त्रक्रियेआधी त्यांना ठाऊक हवं. फिस्टुलाच्या हातावर पट्टा, ओझं, रक्तदाबाची पट्टी काहीही चालत नाही. आजारपणात ढोलकी एखाद्या शिष्याकडे ठेवा, कड्या सैल करून, ओलीपासून लांब. अडीअडचणीला पहिलं विकलं जातं ते वाद्यच.

ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आता दरमहा ५ हजार आहे. अर्जाला कलेचे पुरावे लागतात. जुनी हँडबिलं, कात्रणं, प्रमाणपत्रं कलावंताच्या घरी क्वचितच सापडतात, ती साथीदारांकडे आणि रसिकांकडे असतात. ती गोळा करून द्या. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला वेळेत जातोय का, हेही कुणीतरी बघायला हवं, नाहीतर अंथरुणावरच्या माणसाचं मानधन थांबतं.

राहिली उचल, म्हणजे फडमालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. हंगामाआधी घेतलेली उचल आजारपणात फिटत नाही आणि बरा झालेला कलावंत पुढच्या हंगामात तीच फेडत राहतो. फडमालकही कर्जातच असतात, त्यामुळे एकट्याने माफ करा म्हणणं अन्याय होईल. पाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला येतात. तिथेच प्रत्येक सुपारीमागे ५०० रुपये बाजूला काढावेत, निम्मे फडाचे, निम्मे कमिटीचे. खातं स्वतंत्र असावं, सह्या दोन फडमालकांच्या आणि एका कलावंताच्या, आणि त्यातून आधी आजारी माणसाची उचल फेडली जावी.