'स्टॉर्मी मंडे'बद्दल खुलासा

अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक टी-बोन वॉकरचं 'स्टॉर्मी मंडे' हे गाणं म्हणजे जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्सच्या १९४२ च्या गाण्याचीच कॉपी, असा मेसेज फिरतोय, आणि मीही तो पुढे पाठवला होता, सॉरी. दोन्ही ऐकलीत तर लगेच कळतं, हाइन्सचं बिली एक्स्टाइनने गायलेलं 'स्टॉर्मी मंडे ब्लूज' बिग बँडचं (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचं), चाल वेगळी, शब्द वेगळे, त्यात 'स्टॉर्मी मंडे' हे शब्दसुद्धा येत नाहीत! वॉकरने १९४७ साली रेकॉर्ड केलं त्याचं पूर्ण नाव 'कॉल इट स्टॉर्मी मंडे बट ट्यूजडे इज जस्ट ॲज बॅड'. घोळ वाढला तो बॉबी ब्लँड या गायकामुळे, त्याने वॉकरचंच गाणं गायलं पण रेकॉर्डवर नाव हाइन्सच्या जुन्या गाण्याचं, म्हणून श्रेयही चुकीच्या लोकांना गेलं. एवढ्या मोठ्या कलाकाराला चोर ठरवणारा तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.