चरीच्या संपावरची कथा : ‘कुळाचा नातू’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. अलिबागजवळच्या चरी गावातून सुरू झालेल्या कुळांच्या, म्हणजे खंडानं शेत कसणाऱ्यांच्या, संपावरची माझी दीर्घकथा तुम्हाला खोटी वाटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कुळांनी संप केला तो पोटासाठी, त्यात सतरा वर्षांच्या पोराचा ध्येयवाद घुसडणं ही भरल्या पोटाच्या लेखकाची हौस. १९३५ च्या प्रकरणात तो ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र वाचतो, ते चूक. शेवटी गुलाल उधळला, तोही चूक. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत, की तुमची आजी म्हणायची, ‘पोरं सभेला जायची, आम्ही मोळ्या विकायचो.’

‘कृषीवल’ची चूक माझीच. संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी ते १९३७ साली काढलं, त्याआधी ते कुणाच्या हातात असणं शक्यच नाही. ते वाक्य काढून टाकलं आहे.

पोटाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, खंड घातला, वर वेठ केली, तरी कुळाच्या कणगीत थोडंफार भात पडायचं. संपात कणगी रिकामी. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत सभा झाली आणि खोतांची जमीन करायची नाही असं ठरलं. सभेत हात वर करणं त्यामानानं सोपं. खरी कसोटी पुढच्या मिरगाला लागली. पाऊस पडला, माती मऊ झाली, आणि नांगर पडवीतच. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी काय होत असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोटाचं ऐकायचं असतं तर पोट म्हणालं असतं, धर नांगर, मिळतंय ते पदरात पाडून घे. पंचवीस गावांतल्या कुळांनी ते ऐकलं नाही, आणि एका वर्षापुरतं नव्हे. १९३४ पासून मोजा, १९३८ पर्यंत पाच पावसाळे होतात.

त्यातून हा खारेपाट, खाडीकाठची बांध घालून राखलेली जमीन. इथं शेत नुसतं पडीक राहत नाही. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी आत शिरतं, आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात. म्हणजे ज्या जमिनीसाठी भांडायचं, तीच डोळ्यांदेखत खारी होण्याची भीती. हे सगळं समजून उमजून जो मागे हटत नाही, त्याला मी ध्येयवादी म्हणतो. तो शब्द शिकलेल्यांनी आपल्याकडे ठेवून घेतला म्हणून कुळांना तो लावायचा नाही, हे मला पटत नाही.

मग नायक पोरगाच का? संपाचे पुढारी पोरसवदा नव्हते. नारायण नागू तेव्हा चाळिशीच्या पुढचे. पण कबुलायतीवर, म्हणजे कुळानं खोताला लिहून दिलेल्या करारावर, अंगठा उठवलेला असायचा तो घरातल्या थोरल्यांचा, आणि त्या कागदात काय लिहिलंय ते वाचायला यायचं, तर मराठी शाळेत चार वर्षं गेलेल्या पोराला. माझी कथा त्या एका रात्रीतून निघाली : चिमणीच्या उजेडात पोरगा बापाला कबुलायत वाचून दाखवतो आणि बाप मध्येच ‘बस’ म्हणतो. ती रात्र मी कल्पनेनं लिहिली, पण तशा रात्री घराघरात झाल्या असणार, असं मला मनापासून वाटतं. संप सुरू झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा, मिटला तेव्हा तेवीसचा. लग्नाचं, नोकरीचं, मुंबईला जायचं वय या पाच पावसाळ्यांत गेलं. आज त्या वयाच्या मुलाकडून मी हे मागू शकणार नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

एक जागा तुम्ही दाखवली नाहीत, तुमच्या रागामुळे मला दिसली. खोताचा कारकून रात्री येतो, तुमच्यापुरता खंड कमी करू म्हणतो, आणि माझा नायक एका वाक्यात नाही म्हणतो. इतकं झटकन कोण नाही म्हणतं? घरात धाकटी भावंडं उपाशी. ते प्रकरण मी पुन्हा लिहितोय.

गुलालाचंही तुमचं खरं. १९३९ च्या कायद्यानं कुळाला संरक्षण मिळालं, खोती तशीच राहिली. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले, तरी खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. तोवर माझा पोरगा तेहतीस वर्षांचा बाप्या झाला असता. गुलाल काढला.

राहिली तुमची आजी. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. पाच वर्षं चूल पेटत राहिली ती सभांमुळे नव्हे. रानातून लाकूडफाटा आणून, मासळी-भाजी विकून. माझ्या कथेत नायकाची आई दोनदा दिसते, दोन्ही वेळा भाकरी थापताना. पोराचा ध्येयवाद तिनं डोक्यावर वाहिला आणि मी तिला दारातच उभं ठेवलं. नव्या खर्ड्यात ती सगळ्यांच्या आधी, पहाटे मोळी घेऊन बाहेर पडते.

त्यासाठी तुमची मदत हवी. आजी मोळ्या कुठल्या बाजाराला न्यायच्या? एकट्या जायच्या की बायकांचा घोळका असायचा? वाटेत खाडी लागायची का, आणि भरती असली की काय करायच्या? आठवेल तेवढं लिहा, तुटक असलं तरी चालेल.