मामांची केटली

निपाणीतल्या एका पतसंस्थेने परवा माझ्या बिलातून अर्ध्या दिवसाची मजुरी कापली आणि कारण म्हणून त्यावर लाल शाईने ‘काम शिपायाने केले’ असा शेरा मारला. तो शेरा शब्दशः खरा आहे, हेच मला अजून पचलेले नाही.

तिथे ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणारे चार नेटवर्क स्विच एका रॅकमध्ये आहेत. मागच्या बाजूने स्टॅक केबलींनी वर्तुळात जोडलेले हे चौघे, म्हणजे हा ‘स्टॅक’, बाहेरून एकच यंत्र म्हणून, नेटवर्कवरच्या एकाच (आयपी) पत्त्यावर वावरतात आणि त्यांतला एक मास्टर, म्हणजे बाकीच्यांचा कारभारी, असतो. हे पद पंखा खरखरणाऱ्या जुन्या स्विचकडून नव्याकडे द्यायचे होते. सिस्को कंपनीच्या या स्टॅकमध्ये प्रत्येकाला १ ते १५ यांतला प्राधान्यक्रम देता येतो आणि निवडीत मोठा आकडा जिंकतो. मी नव्याला १५ दिला, जुन्याचा १ तसाच ठेवला. तरीही जुनाच मास्टर राहिला, कारण गादीवर बसलेला मास्टर नुसत्या आकड्याने उठत नाही. निवड पुन्हा होते ती मास्टर किंवा सगळा स्टॅक रीस्टार्ट झाल्यावर. आणि रीस्टार्टची परवानगी व्यवस्थापकांकडे होती, जे ‘काउंटर बंद झाल्यावर बघू’ एवढेच म्हणत होते.

तेवढ्यात शिपाईमामा स्टूल घेऊन शेजारी बसले.

“साहेब, ह्यातला मालक कोण?”

“जुना.”

“मग नव्याला पंधरा कशाला दिलासा?”

मी नियम समजावला. मामांनी तंबाखू मळत बराच वेळ त्या हिरव्या दिव्यांकडे पाहिले.

“म्हणजे सीमाप्रश्नागत झालं म्हणा की. कागद आमच्याकडं, ताबा त्यांच्याकडं. १९५६ पासून आम्ही पण अर्जच देतोय.”

इतके नेमके वर्णन मला पंधरा वर्षांत कुणाला जमले नव्हते, मलाही नाही, हे मान्य करून मी पुन्हा आकडे न्याहाळू लागलो. आकड्यांत पाहण्यासारखे काही उरले नव्हते, पण परवानगीची वाट पाहत बसलेल्या माणसाला कामात दिसणे भाग असते. मामा मात्र चहाच्या वेळेला बांधलेले होते. त्यांनी विजेची केटली आणली, यूपीएसला जोडलेल्या पट्टीत जागा नाही असे पाहून रॅकचा मोठा प्लग निर्विकारपणे उपटला, आणि अंधारलेल्या दिव्यांकडे बघत म्हणाले, “दोन मिनिटं लावतो, मग काढतो.”

प्लग परत लागेपर्यंत काउंटरवर ग्राहकांचा ओरडा सुरू झाला होता. चारही स्विच एकदम उठले, निवड झाली आणि काही मिनिटांनी नवा स्विच मास्टर होऊन बसला. धावत आलेल्या व्यवस्थापकांनी मला विचारले, “झालं काम?” झाले होते. “कुणी केलं?” मी उत्तर शोधत असताना मामा चहाचा कप पुढे करत म्हणाले, “प्लग काढून घातला की झालं.”

रीस्टार्टनंतर कोण मास्टर होणार, हे आधी लिहून ठेवलेला तो पंधराचा आकडा बिलात दाखवता येत नाही. केटलीसाठी वेगळा सॉकेट बसवावा, असे मी लेखी कळवले आहे. त्या पत्राचे पैसे मी मागितलेले नाहीत.